दुपारी न मिटणारा लिंब

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी घरात नेलपॉलिशची बाटली आणली आणि बाबांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं.

बाबा कचेरीत कारकून होते. त्यांच्या वडलांपर्यंत आमच्याकडे भिक्षुकी चालायची. पंचांग गेलं, फायली आल्या, पण नखं रंगवणारी मुलगी त्या घरात अजून जन्माला यायची होती. आईनं मध्यस्थी करायची म्हणून विचारलं, "अगं, कुणाचं लग्न आहे का?"

"पानांना लावायचंय," मी म्हणाले.

"विड्याच्या?"

"लिंबाच्या."

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर आणखी वर धरला.

खरं तर बाटली घेतानाच माझी निम्मी शोभा झाली होती. गुलमंडीवरच्या दुकानात मी बिनरंगाचं नेलपॉलिश मागितलं. दुकानदार चाचांनी लाल काढलं, गुलाबी काढलं, एक जांभळंही काढलं. "बिना रंग का," मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "बेटा, रंगच नै, तो फिर लगाना काइकू?" मला सुचलं ते एवढंच, "कॉलेज का काम है." मान हलवत त्यांनी मागच्या फळीवरची धूळ खाल्लेली एक बाटली काढून दिली. "ले जा. इसको कोई पूछता नै था."

त्या बाटलीचं काम सांगते. पानाच्या खालच्या अंगाला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. पुस्तकात त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. प्रत्येक छिद्राला दोन पेशी दोन्हीकडून बिलगून बसलेल्या असतात, घेवड्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा. पाणी पिऊन त्या टम्म झाल्या की बाहेरच्या अंगाला वाकतात आणि मधलं तोंड उघडतं. पाणी कमी पडलं की सैलावतात आणि तोंड मिटतं. उघड्या तोंडातून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्याच्याशिवाय झाडाचा स्वयंपाक होत नाही. पण त्याच दारातून आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतं. उघडं ठेवावं तर तहान, मिटावं तर उपास. झाडाला दिवसभर हाच हिशेब करत बसावं लागतं. पानाखाली नेलपॉलिशचा पातळ हात दिला, वाळू दिला आणि चिकटपट्टीनं अलगद उचलला, की छिद्रांचा ठसा हातात येतो. तो काचपट्टीवर लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि मोजायचं, किती उघडी आणि किती मिटलेली.

हा विषय मला मॅडमनी दिला होता. विद्यापीठात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. आवाज बारीक, नजर मात्र कडक इस्त्रीची. "दुष्काळ आलाय," त्या म्हणाल्या, "रडून उपयोग नाही. रस्त्याकडेची झाडं दिवसातून किती वेळ तोंड उघडतात, ते बघ."

पावसानं त्या वेळी लागोपाठ दोन वर्षं दगा दिला होता. आम्ही उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून नुकतेच गारखेड्याला स्वतःच्या घरात आलो होतो. स्वतःचं घर म्हणजे शेतात चुन्याच्या रेघा मारून पाडलेल्या प्लॉटपैकी एक. गल्लीत सत्तावीस घरं, निम्म्यांना अजून गिलावा नव्हता. आमच्या न्हाणीच्या मागे ज्वारीची धसकटं तशीच उभी होती. नळाची लाइन यायची होती. टँकर दिवसाआड यायचा, आणि आला की गल्लीतली शिकलेली माणसंसुद्धा हंडे घेऊन चपला न घालता पळायची.

कॉलनीनं दोन बोअर घेऊन बघितले. दोन्हींतून पांढरी भुकटी उडाली. मग कुणीतरी पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून गल्लीभर फिरला. नारळ ज्या जागी उभा राहिला तिथं तिसरा बोअर घेतला. त्याची भुकटी जरा पिवळसर होती, एवढाच फरक. शेजारचे इंजिनिअर काका धरणांच्या कामावरून निवृत्त झालेले. त्यांनी गॅलरीतून जाहीर केलं, "या पट्ट्यात खाली काळा पाषाण आहे. पाणी नाही. विषय संपला." काका एखादा विषय संपला म्हणाले की तो संपायचा.

तर अशा गल्लीत मी झाडं निवडली. विद्यापीठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. उन्हाळ्यात सायकलवरून तिथल्या झाडांना रोज तीन वेळा भेटायला जाणं मला झेपणारं नव्हतं. घरापाशीच रस्त्याकडेची सहा झाडं होती. त्यांतले दोन कडुलिंब मोठे, शेताच्या जुन्या बांधावरचे. एक काकांच्या कंपाउंडला लागून, दुसरा गल्लीच्या पलीकडे. दोन्हींची खोडं सारखीच, कवेत न मावणारी.

सकाळी सात, अकरा आणि दुपारी दोन. माझ्या या तीन वेळा ठरलेल्या. स्टुलावर उभी राहून मी पानांना नेलपॉलिश लावायचे आणि गल्ली बघायची. पहिल्याच सकाळी दूध घालणाऱ्या मावशी थांबल्या. हे सगळं शेत एके काळी त्यांच्या घरचं. नवरा वारल्यावर त्यांनी ते विकलं, एक प्लॉट ठेवला, त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या आणि दोन म्हशी. मुलगा कारखान्यात जायचा.

"काय गं पोरी, लिंबाचं लगीन काढलं का?"

"नाही मावशी, तोंडं मोजतेय."

"कुणाची?"

"पानाची. पान तोंडानं श्वास घेतं. ऊन वाढलं की मिटून घेतं."

मावशींनी किटली खाली ठेवली. "व्हय की. आमी बी दुपारी दार लावूनच पडतो." आणि पुढच्या घरी गेल्या.

पंधरा दिवसांनी माझ्याकडं ठशांच्या काचपट्ट्यांचा डबा भरला. आणि एक भानगड दिसायला लागली. पाच झाडं शहाण्यासारखी वागत होती. सकाळी सातला तोंडं उघडी, अकराला बहुतेक मिटलेली, दुपारी दोनला कडेकोट बंद. पलीकडचा मोठा लिंबही तसाच. पण काकांच्या कंपाउंडचा लिंब अकराला उघडा होता आणि दोनलाही उघडा होता. मे महिन्यातल्या दुपारी, ज्या वेळी कुत्रीसुद्धा गटाराच्या गारव्याला जाऊन पडतात त्या वेळी, हे झाड सगळी दारंखिडक्या उघडी टाकून बसलेलं.

मॅडमनी काचपट्टी बघितली आणि डबा माझ्याकडे सरकवला. "चुकलंय. सातचे ठसे दोनच्या ठशांत मिसळलेस."

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

"नेलपॉलिशमुळेही पेशी फसतात. त्यातलं द्रव्य लागून कधी कधी तोंड वेडंवाकडं होतं. दुसऱ्या रीतीनं कर."

दुसरी रीत निळ्या कागदाची. गाळणकागद कोबाल्ट क्लोराइडच्या पाण्यात बुडवून वाळवला की निळा होतो. त्याला ओलावा लागला की गुलाबी. बोटाचा घामसुद्धा पुरतो, म्हणून चिमट्यानं धरायचा. त्याचा छोटा तुकडा पानाखाली ठेवायचा, वरून खालून काचपट्ट्या लावायच्या, चाप बसवायचा आणि आकडे म्हणायचे. पानातून जितकी वाफ जास्त, तितका कागद लवकर लाजतो.

पलीकडच्या लिंबाचा कागद दुपारी दोनला निळाच. मी पाचशेपर्यंत मोजलं, जीभ सुकली, कागद निळाच. काकांच्या लिंबाचा दीडशेच्या आत गुलाबी.

स्टुलावरच मी ओरडले असेन, कारण काका गॅलरीत आले. "काय झालं? गांधीलमाशी?"

"काका, या झाडाला कुठून तरी पाणी मिळतंय!"

"जुनं झाड आहे. मुळं खोल."

"पलीकडचंही तेवढंच जुनं आहे."

काका हसले. वाईट हसणारे नव्हते ते, पण त्या दिवशी हसले. "नारळवाला झाला, आता पानवाली. अगं, मी जन्मभर पाण्याचीच कामं केली. खाली पाषाण आहे. विषय संपला." संध्याकाळपर्यंत गल्लीत माझं नाव पाणाडीण पडलं. बाबा एव्हाना माझ्याशी बोलायला लागले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "खात्री आहे ना? नसेल तर गप्प राहा. असेल तर मात्र लोकांना भिऊन गप्प बसू नकोस." त्यांनी आयुष्यात मला दिलेल्या सल्ल्यांपैकी हा बहुधा सर्वांत लांब.

मला खात्री नव्हती. रात्री अंथरुणात वाटायचं, आपलंच काही चुकत असणार. मी मॅडमना कागद दाखवले. त्यांनी ते उलटसुलट बघितले आणि विचारलं, "दोन वाजता घरी असतेस ना उद्या?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या गल्लीत रिक्षा थांबली. आतून आधी काळी छत्री उतरली, मग मॅडम. पाणीही न घेता त्या सरळ लिंबाखाली गेल्या. मी कागद लावला, दोघी आकडे म्हणू लागलो. मावशी म्हशींना कडबा घालून आल्या होत्या, त्याही उभ्या राहिल्या. एकशे चाळीसला कागद गुलाबी झाला. मॅडमनी स्वतःच्या हातानं दुसरा लावला. तोही झाला. मग त्या गल्ली ओलांडून पलीकडच्या लिंबाशी गेल्या, आणि तिथं पाचशे मोजूनही त्यांचा कागद निळाच राहिला.

"बाई," मावशी म्हणाल्या, "इतका खटाटोप कशापायी? हात लावून बघा ना." त्यांनी पलीकडच्या लिंबाचं पान तोडून मॅडमच्या गालाला लावलं. "ह्ये तापलंय. आता तिकडचं बघा." अलीकडचं तोडून लावलं. "गार लागतं का नाय?"

मॅडमचे डोळे मोठे झाले. त्यांच्या गालाला आजवर कुणी असं पान लावलं नसावं. "बरोबर आहे," त्या मला म्हणाल्या. "वाफ निघते, म्हणून पान थंड राहतं. माठासारखं." मग मावशींकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "इथं आधी काय होतं? या झाडाच्या जवळ?"

मावशींनी पदर सारखा केला, परत सारखा केला. मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "विहीर व्हती."

"मग सांगितलं का नाही? तीन बोअर घेतले इथं!" मी म्हणाले.

"काय म्हणून सांगू? नवऱ्यानं विहीर बुजवली म्हणून सांगू?"

मॅडमनी छत्री मिटली आणि लिंबाच्या आळ्याच्या कडेवर बसल्या. मावशीही बसल्या. मग मावशींनी सांगितलं. त्यांचा नवरा आणि धाकटा दीर, दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा विहीर बरोबर बांधावर आली. एक दिवस एकाची पाळी, एक दिवस दुसऱ्याची. पाळीवरून बोलाचाली, बोलाचालीवरून हातघाई. एका उन्हाळ्यात दिरानं पाळी मोडून पाणी घेतलं. "मालकाचं डोकं फिरलं. म्हनले, तुला नाय आन मला बी नाय. आठ दिस बैलगाडीनं दगड वाहून टाकले विहिरीत. म्या पाया पडले. बांधाचे दगड, शेतातले दगड, गोठ्याचे दगड. वरून माती टाकली आन हरबरा पेरला. दीर आपला वाटा विकून फुलंब्रीला गेले ते गेलेच. मालक वारले तरी आले नाय." मग त्या म्हणाल्या, "पाण्यावर दगड टाकनं पाप हाय. ते मी तोंडानं कसं सांगू, सांगा."

"नेमकी कुठं होती?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

मावशी उठल्या. लिंबाच्या खोडाला पाठ लावली आणि पावलं टाकत निघाल्या. सातव्या पावलाला त्या काकांच्या फाटकातून आत होत्या. अकराव्याला थांबल्या. तिथं घराच्या बाजूला काकूंचा कपडे धुवायचा दगड होता आणि शहाबादी फरशी.

काका बनियनवर बाहेर आले. त्यांची झोपमोड झाली होती. सगळं ऐकून म्हणाले, "विहीर? माझ्या प्लॉटात? नकाशात नाही."

"नकाशा काढला तवा वर हरबरा व्हता साहेब," मावशी म्हणाल्या.

काकांनी डोळे चोळले. "पाषाण..." त्यांनी सुरुवात केली, तेवढ्यात मागून काकू आल्या. काकू कमी बोलायच्या. त्यांनी एकदा मावशींकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या गुलाबी कागदाकडे, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "फरशी उचला."

"अगं, पण..."

"मी धुणं समोर धुवेन. उचला."

विहीर उपसायला जाणती माणसं हवी होती. मावशी म्हणाल्या, असली माणसं फुलंब्रीकडं हायेत आणि विहीर किती खोल, तळाला झरा कुठल्या अंगाला, हे सांगणारा जिवंत माणूस एकच. एवढं बोलून त्या म्हशींकडे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर माझ्या दारात उभ्या राहिल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं. "चल माझ्यासंगं. पानाचं तू सांग. मला नाय जमायचं."

फुलंब्रीची एस.टी. गच्च भरलेली होती. मावशींच्या पिशवीत दुधाची बाटली होती, ती मांडीवर धरून बसल्या होत्या.

दिराचं घर गावाच्या कडेला. ओट्यावर बाजेवर एक म्हातारा पागोटं सोडून बसला होता. मावशी अंगणातच थांबल्या, पदर डोक्यावरून पुढं ओढला. म्हातारा आधी मला बघत राहिला, मग मावशींना. मग मीच सुरू केलं. पिशवीतून काचपट्टी काढली, निळा कागद काढला, गुलाबी कागद काढला. पानाला तोंडं असतात इथपासून ते काकूंच्या धुण्याच्या दगडापर्यंत सगळं सांगून टाकलं. परीक्षेतसुद्धा मी इतकं न चुकता कधी बोलले नव्हते.

म्हाताऱ्यानं काचपट्टी उन्हाकडे धरली. त्याला त्यात काय दिसणार! पण बराच वेळ बघितलं. "म्हंजी झाडाला पाणी लागतंय," तो म्हणाला.

"हो."

"म्हंजी झरा जित्ता हाय."

"तसंच वाटतंय."

त्यानं काचपट्टी मला परत दिली आणि पहिल्यांदा मावशींकडे तोंड केलं. "वैनी, अशा उन्हात उभ्या कशाला? वर या. आधी पाणी घ्या." आणि घरात हाक मारली, "अगं, तांब्या आण. वैनी आल्यात."

मावशी ओट्यावर बसल्या आणि रडल्या. दीर खाली मान घालून बाजेचा सुंभ चाचपत राहिला. मी कागद नीट चिमट्यानं उचलून डबीत भरण्याचं काम फार मन लावून केलं.

चौथ्या दिवशी तो कामाची माणसं घेऊन हजर झाला. काकूंची फरशी निघाली, माती निघाली आणि हातभर खाली विहिरीची बांधीव कड लागली. काका खड्ड्यात उतरून कडेवर हात फिरवत राहिले. "छान बांधलीय," ते म्हणाले. त्यानंतर ते टोपी घालून दिवसभर तिथंच. दोरीला गाठी मारून खोली मोजायचे, वहीत लिहायचे, माणसांना ताक पाजायचे. मावशींचा दीर कडेला खुर्चीवर बसून वर येणारा दगडन् दगड बघायचा. "ह्यो बांधाचा," म्हणायचा. "ह्यो गोठ्याच्या पायरीचा. दादानं पायरी बी टाकली व्हय!" एकदा तो एकटाच हसत सुटला. हसता हसता डोळे पुसले. त्या दगडांचा ढीग गल्लीच्या तोंडाशी इतका झाला की टँकर आत येईना.

बाराव्या दिवशी खालून ओली माती आली. चौदाव्या दिवशी खालचा गडी ओरडला आणि बादली वर आली तेव्हा तिच्यात गढूळ पाणी हिंदकळत होतं. सगळी गल्ली गोळा झाली. पहिली ओंजळ दिरानं घेतली आणि तोंड वाकडं केलं. "पहिल्यासारखं गोड नाय. मचूळ झालंय."

"इतकी वर्सं दगडाखाली व्हतं," मावशी म्हणाल्या, "गोड कशाला राहील?"

प्यायला नाही, पण वापरायला रोज प्रत्येक घराला दोन हंडे मिळायला लागले. पाणाडीण हे नाव लोक आता मानानं घ्यायला लागले आणि मला ते आधीपेक्षा जास्त बोचायला लागलं, कारण दर दोन दिवसांनी कुठल्या तरी कॉलनीतलं कुणी येऊन म्हणायचं, आमच्या बदामाची पानं तेवढी बघून द्या.

माझे ठसे चालूच होते. आठवडा झाला आणि एके दिवशी दुपारी मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून परत लावला. काकांच्या लिंबाची दोनची काचपट्टी. रंध्रं मिटलेली. निम्म्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी आणखी जास्त. निळा कागद तीनशेपर्यंत निळा. दहाव्या दिवशी तो लिंब इतर पाच झाडांसारखाच अकराला तोंड मिटून बसला.

आम्ही त्याचं पाणी घेतलं होतं. कागदावर हे अतिशय सुंदर दिसत होतं. इतकी स्वच्छ रेघ माझ्या सगळ्या प्रबंधात दुसरी नव्हती. पण घरी आले आणि आईनं त्याच पाण्यानं धुतलेलं ताट माझ्यापुढं ठेवलं तर मी ते बाजूला सरकवलं.

मी काकांना सांगायला गेले. वाटलं, म्हणतील विषय संपला. काकांनी माझे आकडे घेतले, आपली वही काढली, दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. "पाणी कमरेएवढं होतं, आता घोट्याशी आलंय," ते म्हणाले. "आपण झऱ्यापेक्षा जास्त उपसतोय. हे मला आधीच कळायला हवं होतं." संध्याकाळी त्यांनी विहिरीच्या आतल्या कडेला तळापासून गुडघ्याच्या उंचीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. पाणी रेघेखाली गेलं की पोहरा टाकायचा नाही. गल्लीत कुरकुर झाली. एकजण म्हणाला, झाड मोठं का माणूस? काकू विहिरीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून बसल्या. मग दोन हंड्यांचा एक हंडा झाला.

लिंब पूर्ववत झाला असं म्हणता येत नाही. दुपारी दोनला तो नंतरही मिटलेलाच असायचा. पण मी साडेबाराचाही एक ठसा घ्यायला लागले, त्यात तो उघडा असायचा. मी तेवढंच लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर आले होते. त्यांनी तो आलेख बोटानं ठोकला. "हे एक झाड बाजूला का नाही काढलं? बाकीच्या आकड्यांची वाट लावतंय." मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मला मदत करायची नाही हे त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

मी विहिरीचं सांगितलं.

"पण पाणी उपसल्यामुळेच रंध्रं मिटली, कशावरून? तो आठवडाच जास्त तापला असेल."

"गल्लीच्या पलीकडे तेवढाच दुसरा लिंब आहे, सर. त्याच आठवड्यात, त्याच उन्हात. त्याच्यात काही फरक पडला नाही."

सरांनी दोन्ही पानं पुन्हा चाळली. "हं," म्हणाले. मग वही मिटून विचारलं, "नोकरीचं काय?" त्यावरून मला कळलं की पास झाले.

नोकरी लागली ती अंबडला. महिन्यातून एकदा घरी यायचे तेवढंच. पुढल्या दोन वर्षांत पाऊस बरा झाला, गारखेड्याला नळ आला, मागच्या धसकटांवर तीन मजली इमारत उभी राहिली. विहिरीवर काकूंनी लोखंडी जाळी बसवून घेतली आणि धुण्याचा दगड तिच्या शेजारी आणला. मावशी पोळ्याला फुलंब्रीला जायच्या, चार दिवस राहायच्या. येताना दिराच्या शेतातल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणायच्या आणि गल्लीत वाटायच्या.